फ्रँकफर्टची राष्ट्रसभा (१८४८-४९) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीचा इतिहास म्हटला की आपल्याकडे गाडी थेट बिस्मार्कपाशी थांबते आणि तिथून हिटलरकडे जाते. त्याआधी जर्मन लोकांनी एकदा मतदान करून स्वतःची संसद निवडली होती आणि तिने वर्षभर खपून एक घटना लिहिली होती, हे सांगितलं की बरेच जण चकित होतात. मग प्रश्न सुरू होतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तेवढी नेमकी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही राष्ट्रसभा म्हणजे नेमकं काय?

माइन नदीकाठच्या फ्रँकफर्ट शहरात १८ मे १८४८ रोजी पहिल्यांदा भरलेली, सगळ्या जर्मन राज्यांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा. विखुरलेल्या जर्मन राज्यांचा एक देश करायचा आणि त्या देशासाठी घटना लिहायची, हे तिचं काम. मार्च १८४९ मध्ये घटना मंजूर झाली. १८ जून १८४९ रोजी सभेच्या उरल्यासुरल्या सभासदांना सैनिकांनी रस्त्यावरून हुसकून लावलं. म्हणजे बरोबर तेरा महिन्यांचं आयुष्य.

आपल्याकडचा काळ डोळ्यांपुढे आणायचा तर फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली ते हेच साल, १८४८.

तेव्हा जर्मनी नावाचा देश नव्हता का?

नव्हता. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ मध्ये, व्हिएन्नात युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला आणि सुमारे ३९ जर्मन राज्यांचा एक सैलसर संघ करण्यात आला. त्यात ऑस्ट्रिया आणि प्रशिया ही दोन मोठी धेंडं होती, बव्हेरियासारखी मधली राज्यं होती, आणि फ्रँकफर्ट, हँबर्गसारखी स्वतंत्र शहरंही होती. संघाची परिषद फ्रँकफर्टमध्येच भरे, पण तिथे बसत ते राजांचे वकील. लोकांचा प्रतिनिधी कुणी नाही. वर १८१९ पासून वर्तमानपत्रांवर आणि विद्यापीठांवर कडक पहारा.

१८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला, धान्य पिकलं नाही, भाकरी महागली. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये राजा पळाला आणि ती ठिणगी राइन ओलांडून आली. १३ मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निख याची सत्ता गेली, १८ मार्चला बर्लिनच्या रस्त्यांवर लोक आणि लष्कर भिडले. राजे घाबरले. त्या घाबरलेल्या काही आठवड्यांत त्यांनी ज्या गोष्टी कबूल केल्या, त्यांतली ही निवडणूक. पुढचं सगळं समजून घेताना हा मुद्दा धरून ठेवा: राजे घाबरले होते, पण त्यांच्या पलटणी मोडल्या नव्हत्या.

संसद चर्चमध्ये का भरली?

कारण शहरात तेवढी मोठी दुसरी जागा नव्हती. सेंट पॉल चर्च, जर्मनांचं पाउल्सकिर्शं, ही लंबवर्तुळाकार इमारत जेमतेम पंधरा वर्षांपूर्वी पुरी झाली होती. आत खांबांवर पेललेला सज्जा होता आणि त्यात दोन हजारांच्या आसपास माणसं बसू शकत.

ती जागा डोळ्यांपुढे आणून पाहा. वेदीच्या जागी अध्यक्षांचं उंच आसन. त्याच्या वर, चर्चचा ऑर्गन झाकून टाकणारं एक प्रचंड चित्र: ओकच्या पानांचा मुकुट घातलेली जर्मानिया, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात काळा-लाल-सोनेरी झेंडा आणि पायाशी तुटलेली बेडी. चित्रकार फिलिप फाइट. हे चित्र पातळ सुती कापडावर घाईघाईने रंगवलेलं होतं, आणि आज ते न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे. सभागृहात आवाज घुमे, मागच्या बाकांवरच्यांना भाषणं नीट ऐकू येत नसत. वरून सज्जातले लोक टाळ्या पिटत, आरडाओरडा करत, आणि अध्यक्षांना घंटा वाजवून वाजवून त्यांना गप्प करावं लागे. हिवाळ्यात चर्चमध्ये शेगड्यांची सोय करायची होती, म्हणून बैठका काही काळ दुसऱ्या चर्चमध्ये हलवल्या गेल्या.

मतदान कुणाला होतं?

सज्ञान आणि ‘स्वावलंबी’ पुरुषांना. ‘स्वावलंबी’ म्हणजे कोण, हे प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने ठरवलं. कुठे घरगडी वगळले, कुठे रोजंदारीवरचे मजूर, कुठे गरिबांसाठीच्या मदतीवर जगणारे. तरीही त्या काळाच्या मानाने हा मताधिकार फारच रुंद होता. बहुतेक ठिकाणी लोक आधी निर्वाचक निवडत आणि ते निर्वाचक प्रतिनिधी निवडत.

ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोहेमियातल्या चेक लोकांनी मात्र या निवडणुकीकडे पाठ फिरवली. त्यांचे इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की यांना फ्रँकफर्टहून आमंत्रण होतं. त्यांनी एप्रिलमध्ये पत्राने नकार कळवला: मी जर्मन नाही, स्लाव्ह वंशाचा चेक आहे. ‘आपलं राष्ट्र’ म्हणताना त्यात कोण कोण धरलं जातंय, हा प्रश्न सभा भरायच्या आधीच दारात उभा होता.

सभासद किती होते? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

बरोबर, आणि ते वेगवेगळे आकडेही खरे असू शकतात. भरलेल्या जागा ५८५ च्या आसपास. पण कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, त्यांच्या जागी बदली प्रतिनिधी आले. अशी ये-जा धरली तर आठशेहून अधिक माणसं केव्हा ना केव्हा त्या बाकांवर बसून गेली. पहिल्या दिवशी मिरवणुकीने चर्चमध्ये शिरले ते जवळपास ३३० जणच. बाकीचे अजून वाटेत होते.

‘प्राध्यापकांची संसद’ हे नाव योग्य आहे का?

अर्धंच. विद्यापीठातले प्राध्यापक सुमारे पन्नास. खरा भरणा होता न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि वकिलांचा. शिकलेली, कायदा कोळून प्यायलेली माणसं. कारागीर आणि शेतकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कारखान्यातला मजूर एकही नाही. ज्या उपाशी लोकांनी मार्चमध्ये रस्त्यावर रक्त सांडलं, त्यांच्यापैकी कुणी आत नव्हतं. मला वाटतं, प्राध्यापक जास्त होते यापेक्षा ही उणीव सभेला जास्त महागात पडली.

पक्ष होते का?

आजच्या अर्थाने नव्हते. पण संध्याकाळी समविचारी मंडळी ठरलेल्या खाणावळीत किंवा कॅफेत जमत, दुसऱ्या दिवशी काय बोलायचं, मत कसं द्यायचं ते ठरवत, आणि त्या जागेचंच नाव गटाला पडे. उजवे ‘कॅफे मिलानी’त. घटनात्मक राजेशाही मानणारा मोठा मधला गट ‘कॅसिनो’त. लोकशाहीवादी डावे ‘डॉइचर होफ’मध्ये, आणि त्यांच्याही डावीकडचे ‘डोनर्सबेर्ग’मध्ये. जर्मनीतल्या संसदीय पक्षांची सुरुवात या टेबलांवर झाली, असं इतिहासकार मानतात.

लक्षात ठेवावेत असे सभासद कोण?

अध्यक्षांपासून सुरुवात करू. हाइनरिख फॉन गागेर्न, उंचापुरा, भारदस्त आवाजाचा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्याला अध्यक्ष निवडलं गेलं. जून १८४८ मध्ये सभेने ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या आर्चड्यूक योहान यांना हंगामी राष्ट्रप्रमुख नेमलं, ते गागेर्नच्याच आग्रहावरून. डिसेंबरात तो मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला आणि अध्यक्षपद क्योनिग्सबेर्गच्या एदुआर्द सिमझोनकडे गेलं.

याकोब ग्रिम यांना तुम्ही ओळखता, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतले थोरले. हॅनोव्हरच्या राजाने घटना मोडली तेव्हा निषेध करून नोकरी गमावणाऱ्या सात प्राध्यापकांपैकी ते एक होते. सभागृहात त्यांना अध्यक्षांच्या समोर, मधल्या वाटेवर खास एकट्याची जागा दिली होती. मूलभूत हक्कांच्या चर्चेत त्यांनी अगदी पहिलं कलम म्हणून एक मजकूर सुचवला: जर्मन लोक हे स्वतंत्र माणसांचे लोक आहेत, जर्मन भूमी गुलामी सहन करत नाही, आणि परका गुलाम या भूमीवर थांबला तर ती त्याला मुक्त करते. थोडक्या मतांनी तो पडला. कायदेपंडितांना तो फार काव्यात्म वाटला असावा. मला मात्र त्या साऱ्या चर्चेतलं तेच वाक्य सर्वांत जवळचं वाटतं.

गाब्रिएल रीसर हे हँबर्गचे. ज्यू असल्यामुळे स्वतःच्या शहरात त्यांना वकिली करू दिली नव्हती. ऑगस्ट १८४८ च्या अखेरीस मोरित्झ मोल या सभासदाने सूचना मांडली की ज्यूंची परिस्थिती निराळी आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे कायदे करण्याची मुभा ठेवावी. रीसर उठले. हक्क द्यायचे तर सर्वांना सारखे द्या, एका समाजाला अपवाद करून उरलेल्यांचं स्वातंत्र्य टिकत नाही, असा त्यांच्या भाषणाचा गाभा. मोल यांची सूचना सभागृहाने फेटाळली. पुढे रीसर सभेचे उपाध्यक्षही झाले, आणि १८६० मध्ये हँबर्गमध्येच न्यायाधीश.

शिवाय कवी लुडविग उलांड होते, इतिहासकार डालमान आणि ड्रॉयझेन होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एर्न्स्ट मोरित्झ आर्न्ट होते, ज्यांची देशभक्तिपर गीतं अख्ख्या सभागृहाला पाठ होती.

रोबेर्ट ब्लूम कोण? त्याचं नाव वेगळं का घेतात?

कारण सभासद असताना त्याला गोळ्या घालून मारलं गेलं.

ब्लूम कोलोनच्या गरीब घरातला. शाळा अर्धवट सुटली, धातूकाम शिकला, मग लाइपझिगच्या नाट्यगृहात तिकिटांचा हिशेब सांभाळला, पुढे स्वतःचं प्रकाशन काढलं. डाव्यांचा तो सर्वांत लोकप्रिय वक्ता होता. ऑक्टोबर १८४८ मध्ये व्हिएन्नात पुन्हा उठाव झाला, तेव्हा डाव्या गटांचा पाठिंबा कळवायला तो काही सहकाऱ्यांबरोबर तिथे गेला आणि शहराच्या बचावात स्वतः एका तुकडीचं नेतृत्व करू लागला. शाही सैन्याने शहर घेतलं. ब्लूमला अटक झाली, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं गेलं आणि ९ नोव्हेंबरच्या सकाळी त्याला ठार केलं. जायच्या आधी त्याने पत्नी येनीला निरोपाचं पत्र लिहिलं.

प्रतिनिधींना सभेच्या परवानगीशिवाय अटक करता येणार नाही, असा कायदा राष्ट्रसभेने सप्टेंबरात केला होता. ऑस्ट्रियाच्या सेनापतीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फ्रँकफर्टने निषेधाचा ठराव केला आणि गोष्ट तिथेच थांबली. सभेच्या शब्दाला किती वजन आहे, हे त्या दिवशी साऱ्या युरोपला कळलं.

स्त्रिया होत्या का?

सभासद म्हणून एकही नाही, मतदार म्हणूनही नाही. सज्जात मात्र त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या आणि त्या भरलेल्या असत. मार्चअखेर, निवडणुकीची तयारी करणारी पूर्वसभा याच चर्चमध्ये भरली तेव्हा सामान्य प्रेक्षक स्त्रियांना आत घेत नव्हते. लेखिका माल्विडा फॉन मायझेनबुग हिने काही मैत्रिणींबरोबर झेंड्यांच्या कापडाने झाकलेल्या व्यासपीठात, म्हणजे पाद्री जिथून प्रवचन देतो तिथे, लपून ती चर्चा ऐकली. आपल्या संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. मधल्या शंभर वर्षांत अंतर कापलं गेलं ते असं कापडाआडून डोकावणाऱ्या बायकांमुळेही.

घटनेत काय होतं?

हक्कांचा भाग आधी, डिसेंबर १८४८ मध्ये, कायदा म्हणून जाहीर झाला. कायद्यापुढे सगळे समान, उमरावांचे विशेषाधिकार रद्द. छापण्याचं, बोलण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य. श्रद्धेचं स्वातंत्र्य, आणि नागरिक म्हणून हक्क धर्मावर अवलंबून नाहीत. युद्धकाळ वगैरे मोजके अपवाद सोडून देहदंड बंद. गरिबांच्या मुलांना मोफत शिक्षण. हे १८४८ साली!

पूर्ण घटना २७ मार्च १८४९ रोजी मंजूर झाली. वर वंशपरंपरागत सम्राट, खाली दोन सभागृहांची संसद. सम्राटपद वंशपरंपरागत असावं की नाही, यावर मतं पडली २६७ विरुद्ध २६३. चार मतांचा फरक. सोबतच्या निवडणूक कायद्याने पंचविशीवरच्या प्रत्येक पुरुषाला समान आणि गुप्त मतदान दिलं.

हक्कांवर सहा महिने वाया घालवले, ही टीका तुम्ही वाचली असेल. मला ती पटत नाही. ज्यांच्या वर्तमानपत्रावर तीस वर्षं कात्री चालली, त्यांनी आधी कात्रीचा बंदोबस्त करायला घेतला, यात नवल काय?

सभेची सर्वांत मोठी चूक कोणती?

एक बोट दाखवायचं तर सैन्याचा प्रश्न. सभेने सरकार नेमलं, पण त्या सरकारकडे ना कर होता ना पलटण. ऑगस्ट १८४८ मध्ये युद्धमंत्र्यांनी सर्व राज्यांच्या सैन्यांना नव्या राष्ट्रप्रमुखाला मानवंदना देण्याचा हुकूम काढला. लहान राज्यांनी तो पाळला, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने टाळला. एक छोटं आरमार मात्र सभेने स्वतःचं उभारलं होतं. काही वर्षांनी त्याची जहाजं लिलावात विकली गेली.

याची किंमत डेन्मार्कच्या सीमेवरच्या श्लेस्विग प्रांताच्या प्रकरणात चुकवावी लागली. डेन्मार्कशी लढाई सुरू होती, लढत होता प्रशिया. ऑगस्टअखेर प्रशियाने सभेला बाजूला ठेवून माल्म्यो इथे शस्त्रसंधी केली. संतापलेल्या सभेने ५ सप्टेंबरला ती फेटाळली, २३८ विरुद्ध २२१. पण फेटाळून करणार काय? ११ दिवसांनी तीच संधी २५७ विरुद्ध २३६ मतांनी मान्य करावी लागली. १८ सप्टेंबरला फ्रँकफर्टमध्येच दंगल उसळली, जमावाने लिख्नोव्स्की आणि आउअर्सवाल्ड या दोन सभासदांना ठार मारलं, आणि सभेच्या रक्षणासाठी धावून आलं ते प्रशियाचं आणि ऑस्ट्रियाचं सैन्य. ज्यांच्यावर लगाम घालायचा, त्यांच्याच संगिनींच्या आड बसायची वेळ आली.

दुसरी चूक नैतिक आहे आणि ती झाकू नये. जुलै १८४८ मध्ये प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेन प्रांतातल्या पोलिश लोकांचा प्रश्न आला. मार्चमध्ये ज्या चळवळीने पोलंडच्या स्वातंत्र्याचा जयघोष केला, तिच्याच सभागृहात विल्हेल्म योर्दान या बर्लिनच्या सभासदाने राष्ट्राने आता निरोगी स्वार्थ शिकावा असं सांगितलं, आणि मोठं बहुमत त्याच्या बाजूने गेलं. स्वतःसाठी मागितलेलं शेजाऱ्याला नाकारलं.

प्रशियाच्या राजाने मुकुट का नाकारला?

ऑस्ट्रियाला घेऊन मोठा जर्मनी करायचा की वगळून छोटा, हा वाद महिनोन्‌महिने चालला. मार्च १८४९ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सम्राटाने स्वतःच्या सबंध साम्राज्यासाठी वेगळी घटना जाहीर केली आणि तो प्रश्न परस्पर सुटला. २८ मार्चला सभेने प्रशियाच्या फ्रीडरिख विल्हेल्म चौथ्याला सम्राट निवडलं: २९० मतं, २४८ तटस्थ.

सिमझोनच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ बर्लिनला गेलं. रीसर आणि म्हातारे आर्न्टही त्यात होते. ३ एप्रिलला राजाने त्यांना भेट दिली, गोड शब्दांत आभार मानले आणि इतर राजांच्या संमतीशिवाय होकार देता येत नाही म्हणून सांगितलं. महिनाअखेर नकार पक्का झाला. मनातलं त्याने आधीच खासगी पत्रात लिहून ठेवलं होतं: त्याच्या मते तो मुकुट मातीचिखलाचा होता. त्याच्या लेखी राजपद देवाकडून येतं. लोकांनी मतं मोजून दिलेलं राजपद स्वीकारणं म्हणजे उद्या लोकांना ते काढूनही घेता येईल हे मान्य करणं.

मग सभा संपली कशी?

ऑस्ट्रियाने, मग प्रशियाने आपापले प्रतिनिधी परत बोलावले. २८ लहानमोठ्या सरकारांनी घटना मान्य केली होती, पण बलाढ्य राज्यांनी नाही. उरलेले शंभरेक सभासद, बहुतेक डावे, जूनमध्ये श्टुटगार्टला गेले. तिथल्या सरकारने त्यांना सभागृह बंद केलं. १८ जूनला ते मिरवणुकीने निघाले. पुढे अध्यक्ष विल्हेल्म लोव आणि त्यांच्या शेजारी बासष्ट वर्षांचे कवी उलांड. समोरून घोडेस्वार आले आणि मिरवणूक पांगवली गेली.

घटना वाचवण्यासाठी सॅक्सनी, पॅलॅटिनेट आणि बाडेनमध्ये लोक शस्त्रं घेऊन उठले. जुलैत राश्टाट्टचा किल्ला पडला आणि ते संपलं. ट्र्युत्श्लर या सभासदाला ऑगस्टमध्ये मानहाइमला गोळ्या घातल्या गेल्या. अनेकांनी स्वित्झर्लंड, इंग्लंड, अमेरिका गाठली.

सगळं वायाच गेलं म्हणायचं का?

बिस्मार्कने १८६२ मध्ये म्हटलं की मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमतांनी सुटत नाहीत, १८४८-४९ ची चूक तीच होती. ते लोखंड आणि रक्ताने सुटतात. पण त्याच बिस्मार्कने १८६७ मध्ये प्रशियाच्या पुढाकाराने झालेल्या उत्तर जर्मन संघाच्या संसदेसाठी निवडणूक घेतली ती फ्रँकफर्टचा निवडणूक कायदा उचलून. हक्कांची कलमं १९१९ च्या वायमार घटनेत आणि १९४९ च्या जर्मन घटनेत ओळखू येतात. काळा-लाल-सोनेरी झेंडा आज तिथला राष्ट्रध्वज आहे.

आपल्या संविधान सभेशी तुलना करण्याचा मोह होतो. दोन्हीकडे संस्थानिकांचा प्रश्न होता, दोन्हीकडे जवळजवळ कोऱ्या कागदावर देश लिहायचा होता. मोठा फरक हा की १५ ऑगस्ट १९४७ नंतर आपल्या सभेच्या पाठीशी राज्ययंत्रणा होती. फ्रँकफर्टला ती कधीच मिळाली नाही.

ते चर्च आज आहे का?

आहे. १८ मार्च १९४४ रोजी, बर्लिनच्या त्या लढ्याला बरोबर ९६ वर्षं होत असताना, बॉम्बहल्ल्यात ते जळून फक्त भिंती उरल्या. युद्धानंतर शहर ढिगाऱ्यांत असतानाही ते पुन्हा उभारलं गेलं आणि १८ मे १९४८ ला, शताब्दीच्या दिवशी, उघडलं. जुना सज्जा परत बांधला नाही. आत पांढऱ्या भिंती आणि साधी बाकं आहेत. जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार इथे दिला जातो. २०२३ मध्ये तो घ्यायला मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी त्या सभागृहात उभे होते.

आणि सिमझोनचं पुढे काय झालं?

हा प्रश्न कमी विचारला जातो, पण मला तो आवडतो. डिसेंबर १८७० मध्ये आणखी एक शिष्टमंडळ प्रशियाच्या राजाकडे सम्राटपद घेऊन गेलं, या वेळी व्हर्सायला, लष्करी छावणीत. राजा आता मुकुट नाकारणाऱ्या त्या राजाचा भाऊ, विल्हेल्म. राजेलोकांची संमती आधीच मिळवलेली होती, त्यामुळे या वेळी होकार आला. उत्तर जर्मन संसदेचा अध्यक्ष म्हणून त्या शिष्टमंडळाच्या पुढे होता तोच सिमझोन, एकवीस वर्षांनी म्हातारा झालेला.